आजीसकट बाग

लालासाहेबांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक तांबूस, धूसर ठिपका असायचा. त्यांच्या नातीला, संयोगिताला, आधी वाटलं की आजोबांच्या फोनचीच काच बिघडली आहे. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कोइमतूरहून विट्याला आली, आजोबांना फोटो काढताना तिनं पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. तो ठिपका म्हणजे आजोबांचं बोट होतं. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडं मुडपलेली, ती काही केल्या सरळ होत नाहीत. फोन दोन्ही हातांनी धरला की त्यातलं एक हटकून काचेपुढं यायचं. नातीनं पुष्कळ शिकवलं, पण ज्या बोटांनी चाळीस वर्षं कुणाचं ऐकलं नाही ती तिचं काय ऐकणार!

त्या हाताची गोष्ट विट्यात पुष्कळांना ठाऊक आहे. लालासाहेब मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर कोइमतूरला गेले आणि तिथं सोनं गाळायच्या धंद्याला लागले. विटा-खानापूर भागातली घरटी एक-दोन माणसं याच धंद्यापायी मुलूख सोडून गेलेली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून हिणकस काढून टाकायचं, चोख सोनं सराफाच्या हवाली करायचं. लालासाहेबांनी पुढं स्वतःचं दुकान टाकलं, लग्न करून मनुबाईंना तिकडं नेलं, आणि सगळं बरं चाललं असताना एका दिवाळीच्या तोंडावर हे घडलं. चिमट्यात धरलेली मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, त्यांनी नुकतीच भट्टीतून बाहेर काढली होती. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला नोकर दारातून ओरडला, "विट्याहून फोन आलाय, तुमची आई गेली!" हात हलला आणि उकळतं सोनं डाव्या तळव्यावर सांडलं. मागच्या खोलीत भाकरी थापणाऱ्या मनुबाई धावत आल्या, तेव्हा मांस जळल्याचा वास दुकानभर पसरला होता.

लालासाहेब ही गोष्ट सांगायचे ती हाताची म्हणून. दवाखान्यात किती दिवस काढले, बटणं लावायलाही येत नव्हती म्हणून मनुबाई सदरा कसा घालून द्यायच्या, हे सगळं रंगवून सांगायचे. आईचा भाग मात्र एका वाक्यात उरकायचे. आई महिनाभर अंथरुणाला खिळली होती. धंद्याचे दिवस, उगाच पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून घरच्यांनी कळवलं नव्हतं. आणि हात बांधून हे गावी पोचले तेव्हा तिची राखसुद्धा नदीला गेली होती. एवढं सांगून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. "भट्टीवरच्या माणसाला वाईट बातमी कवा द्यायची न्हाई." त्यांच्या घरात हा कायदाच होऊन बसला.

पुढं मुलगा शिवतेज हाताशी आला, दुकान त्यानं सांभाळलं, आणि लालासाहेब-मनुबाई विट्याला परतले. धंद्यानं मोकळ्या हातानं दिलं होतं. त्यातून त्यांनी बंगला बांधला. त्या गल्लीत सगळेच असे बंगले. मालक कुणी मदुराईला, कुणी विजयवाड्याला, कुणी दिल्लीला. बाहेरून चकाचक आणि दाराला कुलूप. वर्षातून एकदा यात्रेला उघडणार, चार दिवस गजबजणार, पुन्हा कुलूप. कायम राहती अशी ही दोघंच. तेजाबाच्या धुरानं लालासाहेबांची छाती धरलेली, म्हणून डॉक्टरनं सकाळी मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं आणि अशी नगरपालिकेची बाग त्यांच्या आयुष्यात आली.

बाग म्हणजे काही फार थोर नव्हे. सिमेंटचा एक हत्ती, त्याच्या पाठीवरून सोंडेतून खाली यायची घसरगुंडी, उद्घाटनाच्या दिवशी उडालेलं आणि मग रुसून बसलेलं कारंजं, शेवंतीचे वाफे, एक डेरेदार कडुनिंब आणि त्याच्याखाली लांबलचक बाकडं. पण आयुष्यभर भट्टीपुढं बसलेल्या माणसाला ती बाग म्हणजे वैकुंठ वाटली. मनुबाई सोबत यायच्या त्या फिरायला नव्हे, बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करायला. बागेच्या माळ्याला, धनाजीला, त्या घरून भाकरी आणायच्या. एका पांढऱ्या कुत्र्याला बिस्किटं द्यायच्या. ते कुत्रं मग त्यांचा पदर सोडायचं नाही.

या वर्षी गणपती उठले आणि संयोगिताचा फोन आला. शाळेत प्रत्येकानं आपल्या गावातल्या एका जागेची गोष्ट फोटोंतून सांगायची होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत त्याचं प्रदर्शन लागणार. वर्गातल्या बाकीच्या पोरी देवळं आणि किल्ले करत होत्या. संयोगितानं आजोबांची बाग निवडली.

"आजोबा, रोज एक फोटो पाठवायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मी त्यांचं इंग्लिश करीन. आणि आजी प्रत्येक फोटोत पाहिजे. आजीशिवाय बाग नको."

लालासाहेबांना हुरूप चढला. इतकी वर्षं दुसऱ्याचं सोनं चोख करून दिलं, आता काहीतरी आपलं म्हणून करायला मिळत होतं. सकाळी उन्हं कोवळी असतानाच ते बागेत पोचायचे. मनुबाईंना हत्तीशेजारी उभं करायचे, मागं सरा, पुढं या, हसा जरा, असं करून त्यांचा जीव नकोसा करायचे. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचं, "आज हत्तीला आजीनं विचारलं, जेवलास का?" लगेच कोइमतूरहून सुनेचा, पूजाचा, हसरा चेहरा येई. दुपारी भट्टी बंद झाली की शिवतेज लिही, "आई भारी दिसतीया." आईचं पोर होतं ते. मनुबाई त्या तीन शब्दांची वाट बघत जेवायच्या थांबायच्या.

मनुबाईंचं पोट अधूनमधून दुखायचं. त्या ओवा खाऊन गप्प बसायच्या. दसऱ्याच्या आधी दुखणं इतकं वाढलं की लालासाहेब त्यांना मिरजेला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती, ती लवकर काढावी लागणार होती, आणि वय व साखर पाहता जोखीम होती. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मनुबाई खिडकीबाहेर बघत होत्या. परतीच्या वाटेवर गाडीत बसल्यावर लालासाहेबांनी खिशातून फोन काढला. मनुबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"आवं, शिवाला सांगायचं न्हाई."

"अगं, एवढं मोठं आप्रेशन. त्याला कळवायला नको व्हय?"

"दिवाळीचा माल भट्टीवर हाय. पाडवा झाला की मीच सांगीन. तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई, माझी आण हाय." मग त्यांनी नवऱ्याचा तो मुडपलेला हात आपल्या मांडीवर घेतला. "ह्यो हात म्या बघितलाय. माझ्या पोराचा आसला हात मला बघायचा न्हाई."

लालासाहेबांनी फोन पुन्हा मागितला नाही. कायदा त्यांचाच होता. मनुबाईंची सख्खी बहीण सुलाबाई दवाखान्यात सोबतीला येणार होती, तिलाही तंबी दिली गेली. अडचण एकच होती, ती म्हणजे बागेचे फोटो. आजी फोटोत दिसली नाही की नात विचारणार, नातीनं विचारलं की शिवतेज फोन करणार आणि सगळं बाहेर पडणार. त्यावर तोडही मनुबाईंनीच काढली. मिरजेला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी कपाटातून पिशवीभर साड्या काढल्या आणि म्हणाल्या, "चला, दिवाळीपत्तुरचं समदं फोटू आजच काढून घिऊ."

त्या दिवशी बागेत जे चाललं होतं ते विट्यानं आधी कधी पाहिलं नसेल. धनाजीनं अवजारांची खोली मोकळी करून दिली. मनुबाई आत जायच्या, साडी बदलून बाहेर यायच्या. एकदा हिरवी, एकदा केशरी, एकदा इरकल. हिरवी हत्तीपाशी, केशरी कारंज्यापाशी, इरकल कडुनिंबाखाली. थंडीचा फोटो हवा म्हणून भर उन्हात स्वेटर चढवला. व्यायामाला आलेली पेन्शनर मंडळी टाळ्या पिटून हसायचा व्यायाम सोडून त्यांच्याकडंच बघत राहिली. एकानं विचारलंसुद्धा, "वहिनी, पिक्चरबिक्चर काढताय काय?" मनुबाई म्हणाल्या, "व्हय, हिरोइनीचं काम मिळालंय, हिरो तेवढा म्हातारा गावला." लालासाहेबही हसले.

मग त्यांनी पिशवीतून छत्री काढली.

"अगं, पाऊस कवाच गेला."

"दिवाळीपत्तुर एकादी सर येती की. धनाजी, नळी धर बरं वर."

धनाजीनं झाडांना पाणी घालायची नळी छत्रीवर धरली, मनुबाईंनी चेहऱ्यावर भिजल्याचा भाव आणला आणि लालासाहेबांनी फोटो काढला. एवढी हुशार बाई, पण एक गोष्ट तिच्याही ध्यानात आली नाही. पांढरं कुत्रं बिस्किटांच्या आशेनं दिवसभर पायात घोटाळत होतं आणि प्रत्येक फोटोत आलं होतं. पुढं नातीनं त्यावरही लिहिलं, "हा आजीचा मित्र आहे. तो रोज आजीला भेटायला येतो."

सगळ्यात शेवटी पाडव्याचा फोटो. मनुबाईंनी लग्नकार्यात नेसायची पैठणी काढली, नाकात नथ घातली, ताटात निरांजन लावलं. वाऱ्यानं ते पुन्हा पुन्हा विझायचं. धनाजीनं आपल्या टोपीचा आडोसा केला. शेवंतीच्या वाफ्यापाशी उभ्या राहून त्यांनी फोनसमोर ताट ओवाळलं. फोनमागं लालासाहेबच होते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, ते असं आधीच उरकून घेतलं जात होतं. काचेत ज्योत हलताना दिसली आणि त्यांना बटण दाबवेना. मनुबाई म्हणाल्या, "आवं काडा की, हात भरून आला." तेव्हा कुठं त्यांनी फोटो काढला.

साडी उतरवून मनुबाई साध्या लुगड्यावर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं. "वाईच पडते," म्हणून त्या कडुनिंबाखालच्या लांब बाकड्यावर आडव्या झाल्या. साड्यांची पिशवी उशाला घेतली, पाय पोटाशी घेतले. लालासाहेब कोपऱ्यावरून चहा घेऊन आले तोवर त्यांना झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, गाल आत गेलेले, एक हात पोटावर दाबून धरलेला. दिवसभर साड्यांच्या आड लपवलेलं दुखणं उघड्यावर आलं होतं. त्यांनी चहा खाली ठेवला आणि का कोण जाणे, फोन काढून तो फोटो घेतला. आवाजानं मनुबाई जाग्या झाल्या.

"ह्यो बी काढलासा व्हय? पुसा पयला. शिवानं बघितला तर?"

"पुसला," लालासाहेब म्हणाले. पण त्यांनी तो पुसला नाही.

मिरजेत ऑपरेशन झालं. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मनुबाई फोनवर मुलाशी बोलायच्या, नातीनं चेहरा दाखव म्हटलं की "रेंज न्हाई गं बाई" म्हणून सुटका करून घ्यायच्या. रोज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लालासाहेब एक फोटो पाठवायचे आणि खाली दोन ओळी लिहायचे. आज आजीनं नवीन शेवंती बघितली. आज अचानक पाऊस आला, आजीनं छत्री आणली होती म्हणून बरं. लिहिताना त्यांना सुरुवातीला गंमत वाटायची. मग जखमेत पू झाला, ताप चढला, मनुबाईंना काचेपलीकडच्या खोलीत हलवलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. आता कोइमतूरहून फोन आला की "आई देवळात गेलीया", "आई झोपलीया" असं सांगावं लागायचं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस; प्रत्येक वेळी त्यांचा आवाज चढायचा.

धनत्रयोदशी दोन दिवसांवर आली आणि डॉक्टरांनी लालासाहेबांना बाजूला बोलावून सांगितलं, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. "भावजी, आता तरी पोराला सांगा. तिची आण गेली खड्ड्यात."

लालासाहेब पायऱ्यांवर आले. त्यांनी फोन लावला. पलीकडून आधी भट्टीचा आवाज आला, तो घों-घों आवाज, जो त्यांनी अख्खा जन्म ऐकला होता. मग शिवतेज ओरडून बोलला, "आबा, बोला लवकर! मूस भट्टीत हाय, आता काढायचीया!"

लालासाहेबांच्या डाव्या तळव्यात कळ आली. इतक्या वर्षांनी, अगदी तीच.

"काय न्हाई रं," ते म्हणाले. "सहजच केला."

"आई बरी हाय न्हवं?"

"व्हय. बागेत हाय."

फोन बंद झाला. भट्टी थंड झाली की करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण त्या दिवशी शिवतेजची भट्टी उशिरापर्यंत चालली, आणि एकदा माघार घेतलेल्या जिभेला पुन्हा धीर होईना. मनुबाई कदाचित तरतीलही, पाडवा काय आता आलाच, अशी ते स्वतःचीच समजूत घालत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आपोआप फोनकडं गेला. केशरी साडीतल्या मनुबाई, कारंज्यापाशी. खाली त्यांनी लिहिलं, "आज आजी कारंज्याला म्हणाली, दिवाळी आली, आता तरी उड." दुपारी शिवतेजचं उत्तर आलं. "आईची तब्येत झकास दिसतीया. पाडव्याला बोलतो निवांत." ते वाचून लालासाहेब मान वर करतात तोच सुलाबाई रडत बाहेर आली. मनुबाई गेल्या होत्या.

तेव्हाही त्यांनी शिवतेजला फोन केला नाही. कोइमतूरला शिवतेजच्या शेजारच्या दुकानातले नानासो विट्याकडचेच, त्यांना केला. "त्याला आदी भट्टीवरनं उठवा. हात धुवाय लावा. खाली बसवा. मग सांगा." आपल्या दुःखातही एवढं नीट सांगता आलं, याचं त्यांना त्या क्षणी बरंसुद्धा वाटलं.

शिवतेज बायको-मुलीला घेऊन विमान, मग गाडी असं करत दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्याच्यासाठी सगळं थांबवलं होतं. अंगणात माणसं दाटलेली. तो आत आला, आईकडं बघितलं, गुडघ्यावर बसला आणि बापाकडं मान वळवून त्यानं विचारलं, "आबा, आई काल कारंज्यापाशी हुती न्हवं?"

ज्यांना माहीत होतं ते खाली बघत राहिले आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्या एका प्रश्नातून सगळं कळलं.

मग अग्नी दिला, राख सावडली. शिवतेजनं जे करायचं ते सगळं केलं, पण बापाशी एक अक्षर बोलला नाही. आजूबाजूच्या बंगल्यांवर दिवाळीला म्हणून राखणदारांनी दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. माणसांचं घर होतं ते एकच आणि तेच अंधारात होतं. संयोगिता आजोबांच्या अंगाला बिलगून बसायची. एकदा तिनं हळूच विचारलं, "आजोबा, पावसाचा फोटोपण खोटा होता?" लालासाहेब म्हणाले, "पाणी खरं हुतं, बाळा." मग दोघंही रडली.

पाडव्याच्या सकाळी लालासाहेब उठून बागेत गेले. घरात बसवत नव्हतं. कडुनिंबाखाली शिवतेज आधीच येऊन बसला होता. धनाजीकडून त्याला साड्यांच्या दिवसाची सगळी हकिकत कळली असावी, कारण तो अवजारांच्या खोलीकडं टक लावून बघत होता. पांढरं कुत्रं बाकड्याखाली झोपलं होतं. लालासाहेब जरा अंतर ठेवून टेकले.

"तुझ्या आईनं आण घातली हुती," ते म्हणाले. "तुला भट्टीवर कायतरी हुईल, ह्या भ्यानं. माझा हात..." त्यांनी तो मुडपलेला हात पुढं केला.

शिवतेजनं त्या हाताकडं बघितलं. लहानपणापासून तो या हाताची गोष्ट ऐकत आला होता.

"भाजला असता तर भाजला असता की, आबा," तो म्हणाला. "दोन बोटं गेली असती. आई तरी भेटली असती."

लालासाहेबांनी हात मागं घेतला. चाळीस वर्षं ते ती गोष्ट सांगत आले होते आणि तिच्यातलं दुखणं हाताचं आहे असंच समजत आले होते. आता बाकड्यावर बसल्याबसल्या त्यांना स्वच्छ आठवलं की हाताला पट्टी बांधून गावी उतरले तेव्हा ते हातासाठी रडलेच नव्हते. भिंतीशी गुंडाळून ठेवलेलं आईचं अंथरूण बघून रडले होते. घरच्यांनी महिनाभर कळवलं नाही म्हणून त्यांनी तेव्हा थोरल्या भावाची गचांडी धरली होती, त्याच भाजलेल्या हातानं. हे कसं विसरलो? आणि विसरून, तेच आपल्या पोराच्या वाट्याला कसं आणलं? असा पश्चात्ताप माणसाला म्हातारपणी होऊ नये. तो फेडायला काही उरलेलं नसतं.

"अजून हायत का फोटो?" शिवतेजनं विचारलं.

लालासाहेबांनी फोन दिला. आधी पाडव्याचा फोटो आला. पैठणीतली आई, ताटातली ज्योत, धनाजीची अर्धी टोपी. शिवतेजनं तो बघितला आणि पुढं सरकवला. सजलेली आई आता त्याला बघवत नसावी. मग शेवटचा आला. पोटाशी पाय घेऊन याच बाकड्यावर झोपलेली, तोंड उघडं पडलेली, साध्या लुगड्यातली आई. कोपऱ्यात बापाच्या मुडपलेल्या बोटाचा तांबूस ठिपका.

"ह्यो पुसाय सांगितला हुता तिनं," लालासाहेब म्हणाले. "माझ्याच्यानं पुसवला न्हाई. ह्यो तेवढा खरा हाय."

शिवतेजनं तो फोटो पुढं सरकवला नाही. बोटांनी तो मोठा केला, आईचा चेहरा बघितला, पोटावरचा हात बघितला, मग तिच्या डोक्याशी येऊन थांबला. आणि घरी आल्यापासून जे रडू त्यानं दाबून धरलं होतं ते फुटलं.

"आबा, आईनं साड्यांची पिशवी उशाला घेतलीया," तो म्हणाला. "मी असतो तर माझी मांडी हुती की."